पट्ट्याची तीन भोकं

आयसीयूत पेशंट आला की त्याचे कपडे, घड्याळ, चष्मा नोंदवून पिशवीत भरायचे आणि नातेवाइकांची सही घ्यायची, हे काम आम्हा सिस्टर्सचं. त्या रात्री साठीतल्या एका काकांचा पट्टा गुंडाळताना बोटाला खरखरीत लागलं. मूळ भोकांच्या आत, बकलाच्या बाजूला, खिळ्याने पाडलेली आणखी तीन भोकं. पाहिलं आणि पट्टा पिशवीत टाकला. न्यूमोनिया, घसरलेलं बीपी, व्हेंटिलेटर लावायची घाई; पट्ट्याचा विचार कुठला सुचायला!

दुसऱ्या दिवशी बीपी सावरलं, नाकातल्या नळीतून फीड सुरू झालं. पचतंय म्हणून भराभर वाढवत नेलं. चौथ्या दिवशी ताप नाही, एक्स-रे सुधारलेला, गुंगीचं औषध बंद. व्हेंटिलेटर काढायची ट्रायल घेतली. अर्ध्या तासात श्वास मिनिटाला चाळीसच्या वर, तेही उथळ. माझ्याकडे बघत ते मान हलवत राहिले, नाही जमत. पुन्हा मशीन. पोटॅशियमही दोन दिवस देतोय, तरी खालीच.

राउंडला डाएटिशियनने विचारलं, "घरी जेवत होते का?" कुणालाच सांगता येईना. फॉर्मवर वजन होतं, तेही अंदाजाने लिहिलेलं. मग मी पट्ट्याचं बोलले. बाहेर बसलेली मुलगी म्हणाली, "दोन महिने झाले, चार घास खाऊन उठतात. वयामुळे असेल असं वाटलं."

लगेच रक्तातलं फॉस्फेट तपासायला पाठवलं. ०.९ आलं; किमान २.५ हवं.

खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरातला साठा संपत आलेला असतो, पण रक्तातला आकडा बरा दिसतो, तिथेच फसायला होतं. एकदम पोषण मिळालं की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. फॉस्फेट नाही तर स्नायूंना ताकद नाही, श्वासाच्या स्नायूंनाही नाही. हाच रीफीडिंग सिंड्रोम. दहा दिवसांहून जास्त जेमतेम खाणं किंवा तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं, यातलं एकही असलं तरी धोका मोठा.

फीड कमी केलं, थायमिन (बी१ जीवनसत्त्व) दिलं, सलाइनमधून फॉस्फेट, आणि रक्त पुन्हापुन्हा तपासलं. सातव्या दिवशी काकांच्या श्वासाची नळी निघाली.

ते तीन दिवस मला अजून टोचतात. आता पिशवी भरतानाच विचारते, "अलीकडे कपडे सैल व्हायला लागले होते का?" वजन विचारलं की लोक अंदाज सांगतात. कपड्यांचं मात्र नेमकं आठवतं.