कॅलिपर अपडेट: दोष सीलच्या मागे होता

मंडळी, बाइकचं पुढचं अडलेलं चाक मोकळं झालं! दोष कॅलिपरमध्ये होता, म्हणजे पिस्टनने ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात. शनिवारी रात्री साडेअकराला हाताने झटका दिला आणि चाक चांगल्या चार फेऱ्या फिरलं. तीन आठवडे ते अर्ध्या फेरीतच अडत होतं.

2010 ची पल्सर 220, पुढची 260 मिमीची डिस्क. सील किट, पॅड, ब्रेक ऑइल सगळं नवं घालून ‘काम झालं’ असं मागे लिहिलं होतं, ते शब्द परत घेतो. दोनच दिवसांनी चिपळूणहून कुंभार्ली घाट चढलो. चढाला ब्रेक जवळपास लागत नाही, तरी वर थांबून डिस्कवर पाणी टाकलं तर चर्र आवाज आला, म्हणजे पॅड घासून डिस्क तापली होती.

पहिला संशय होज (ऑइलची नळी) आणि मास्टर सिलिंडरवर (लिव्हरजवळचा, ऑइलला दाब देणारा भाग). म्हणून चाक अडलेलं असतानाच 8 च्या रिंग पान्याने ब्लीडर (कॅलिपरमधलं ऑइल सोडायचा स्क्रू) पाव फेरी सैल केला. आत दाब अडकला असता तर ऑइल उडून चाक सुटायला हवं होतं. दोन थेंब आले, चाक जिथल्या तिथे. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बोटाने सहज सरकत होत्या. म्हणजे घोळ पिस्टनचाच.

होज न काढता लिव्हर दाबूनच पिस्टन बाहेर ढकलले. एक आला, दुसरा हलेना. आलेल्याला लाकडाचा ठोकळा आणि सी-क्लॅम्प लावून अडवलं, तेव्हा दुसरा निघाला. (पंक्चरवाल्याच्या कम्प्रेसरने काढू नका, पिस्टन गोळीसारखा सुटतो. बोटं जपा.)

पिस्टनच्या क्रोमवर एकही खड्डा नाही. सील न लावता भोकात सोडला तर आपल्या वजनाने तळाला गेला. सील लावून, ऑइल चोपडून ढकलला तर दोन्ही अंगठ्यांचा जोर लागला. तिथे डोक्यात प्रकाश पडला. सील परत काढलं, मोबाइलचा टॉर्च खाचेत मारला. डस्ट सीलच्या (धूळ अडवणाऱ्या बाहेरच्या सीलच्या) खाचेत, अगदी कोपऱ्यात, चुन्यासारखा पांढरा कडक थर! आतल्या, मुख्य सीलच्या खाचेतही थोडा होता. मागच्या वेळी मी खाचा नुसत्या फडक्याने पुसल्या होत्या.

आमच्याकडच्या पावसात ॲल्युमिनियमला हा क्षार धरतोच. तो सीलला मागून रेटतो आणि सील पिस्टनला आवळतं. त्यात मुख्य सील चौकोनी कापाचं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर जरासं वाकतं, सोडला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढतं. पिस्टन मागे घ्यायला दुसरी स्प्रिंग नाहीच. सीलला वाकायला जागा उरली नाही तर पॅड डिस्कला घासतच राहणार.

पोलादी टोच्याने खाचेत चरे पडतील ही भीती होती. शेवटी जुन्या कुलपाची पितळी चावी कानशीवर घासून तिला आकडी केली. अडीच तास खरवडलं. कोपरा धारदार दिसेपर्यंत सोडलं नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं. पेट्रोल नको, या सीलचं रबर त्यात फुगतं. सीलला ताजं ब्रेक ऑइल लावलं आणि पिस्टन ठेवला. एका अंगठ्याने, सावकाश, गुळगुळीत आत गेला. तो स्पर्श अजून बोटात आहे.

किटबद्दल माझं मत पक्कं झालंय. सुट्या किटमधल्या सीलच्या कडा भिंगाखाली गोलसर दिसल्या, कंपनीच्या पाकिटातल्या सरळ. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. ब्रेक ऑइल डॉट 4 या प्रतीचंच, आणि छोटी सीलबंद बाटली. उघडी राहिली की ते हवेतली ओल पितं. डॉट 4 चा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान 230 अंश सेल्सिअस, ओल धरल्यावरची किमान मर्यादा 155. घाट उतरताना हा फरक जिवावरचा आहे.

आधी अंगणात हळू वेगात ब्रेक तपासला, मग रविवारी तोच घाट. वर पाणी टाकलं, चर्र नाही.

आता ब्रेडेड (तारेच्या जाळीचा) होज मागवणार होतो. पण लिहिता लिहिता उठलो आणि मागच्या कॅलिपरच्या डस्ट सीलची कड उचलून बघितली. तीच पांढरी रेघ. होज थांबेल, येत्या रविवारी मागचा कॅलिपर उघडतो. चावीचं टोक तिथल्या खाचेत बसत नाहीये, आज रात्री अजून थोडं घासतो.