दोन दिवस जास्तीचे

एप्रिल २०२३ मधल्या एका रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, आमच्या घरात दिवसांवरून वाद झाला. मी, माझा धाकटा दीर, शाळेपासूनची मैत्रीण आणि तिची बहीण, असे चौघं काश्मीरचा ग्रेट लेक्स ट्रेक, म्हणजे डोंगरांतल्या तळ्यांवरून जाणारी पायी वाट, करणार हे नक्की होतं. ऑगस्ट महिनाही ठरला होता. दिराने मोबाइलवर एक कार्यक्रमपत्रिका उघडली: सोनमर्गहून निघायचं आणि सहाव्या दिवशी नारानागला उतरायचं. मी आठ दिवस मागत होते. तो म्हणाला, "वहिनी, आणखी दोन दिवस म्हणजे माझी दिवाळीची रजा गेली." त्याचं चुकत नव्हतं. नोकरी करणाऱ्याला दोन दिवस म्हणजे काय असतात ते मलाही कळतं. पण नुसतं 'असू दे रे' म्हणून तो ऐकणारा नाही. म्हणून वही उघडली आणि मुक्कामांच्या उंच्या एकाखाली एक लिहून काढल्या.

श्रीनगर सुमारे १,६०० मीटर. सोनमर्ग २,७०० च्या आसपास. पहिला तंबू निचनाईला, साधारण ३,५०० वर. दुसऱ्या दिवशी निचनाईची खिंड, ४,१०० च्या जवळपास, आणि पलीकडे उतरून विशनसरचा मुक्काम ३,७०० ला. मग गडसरची खिंड, या वाटेवरची सगळ्यात उंच, ४,२०० च्या घरात. आपली कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे निचनाईची खिंड तिच्या अडीचपट. उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. पत्रिकेप्रमाणे गेलो तर सोनमर्ग ते निचनाई ही एकच उडी ८०० मीटरची होत होती, आणि तीही मुंबईहून विमानाने उतरल्यावर दोनच दिवसांत. दर शनिवार-रविवार गड चढणाऱ्यालाही हा त्रास होतो. उलट ज्याचा दमसास चांगला तो भरभर वर जातो आणि आधी आडवा होतो.

दुसरा मुद्दा नकाशाचा होता. निचनाईची खिंड ओलांडली की पुढे गाडीरस्ता नाही. परत यायचं तर तीच खिंड चढायची, नाहीतर गडसर आणि झाजच्या खिंडी पार करून नारानाग गाठायचं. मधे कुणी आजारी पडलं किंवा पाऊस लागला तर दोन खिंडींच्या मधे बसून राहावं लागतं. तिथे बसायला हाताशी दिवस नसेल तर माणूस नको त्या हवेत खिंडीत शिरतो. दीर बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "बरं. आठ." एक जास्तीचा दिवस सोनमर्गला, उंची अंगवळणी पडावी म्हणून. दुसरा मोकळा, गरज पडेल तिथे. हे दोन दिवस कुणी काही म्हटलं तरी काढायचे नाहीत, असं त्याच पानावर खाली लिहिलं.

ते एका अर्थी लगेचच कामाला आलं. आम्ही चौकशी केली त्या पहिल्या आयोजकांनी, मोकळा दिवस आमच्यात बसत नाही, असं सांगितलं. त्यांची बॅच ठरलेली, तंबू ठरलेले, त्यांचीही अडचण असणार. पण आम्ही तो नाद सोडला आणि ओळखीतून सोनमर्गकडचा एक वाटाड्या, एक स्वयंपाकी आणि घोडेवाले चाचा असं आमच्यापुरतं जुळवलं. त्या दोन दिवसांचे माणशी साडेचार हजार रुपये जास्त पडले. सबंध खर्चात मला सगळ्यात पटलेले पैसे ते हेच.

महिना निवडताना फार खल करावा लागला नाही. जुलैच्या सुरुवातीला खिंडींमध्ये बर्फ असतो, सप्टेंबरच्या मध्यानंतर थंडी वाढत जाते. मधल्या काळात कुरणं फुलांनी भरलेली असतात. पीर पंजालच्या रांगेमुळे आपल्यासारखा धो धो पावसाळा तिकडे पोचत नाही, पण पाऊस पडतच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

बारीकसारीक गोष्टींत मात्र खरा वेळ गेला. आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. हे मैत्रिणीच्या बहिणीला मे महिन्यात कळलं म्हणून निभावलं. तेही सोनमर्ग सोडल्यावर फारसं उपयोगी नाही, म्हणून घरच्यांना आधीच तारखा लिहून दिल्या आणि सोबत सांगितलं की ठरलेल्या तारखेनंतर आणखी एक दिवस फोन आला नाही तरी काळजी करू नका. सासूबाईंनी तो कागद देवघरात ठेवला होता. वाटेवर लष्कराच्या चौक्या आहेत, तिथे मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. चार-चार झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत घालून प्रत्येकीने आणि दिराने स्वतःजवळ ठेवल्या. स्वयंपाक चाचांच्या घोड्यावरून नेलेल्या स्टोव्हवर होणार असला तरी आमच्या छोट्या बर्नरचं गॅसचं डबडं विमानातून नेता येत नाही, ते श्रीनगरलाच घ्यायचं. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या सामानात.

बायकांनी पाळीच्या तारखा आधी मांडून बघाव्यात. माझी नेमकी गडसरच्या दिवशी येणार होती. गोळ्या घेऊन ती पुढे ढकलावी का, हे मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांच्याशी बोलून तसं न करायचं ठरवलं. मे ते जुलै असे तीन महिने पाळीचा कप वापरून हात बसवला. त्याच भेटीत उंचीच्या त्रासावरच्या गोळीचंही विचारून घेतलं. मैत्रिणीला सल्फाची ॲलर्जी आहे, त्यामुळे तिला ती गोळी देऊ नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दुकानातून परस्पर पाकीट घेऊन चौघांत वाटलं असतं तर काय झालं असतं, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

सरावासाठी नाशिक सोडावं लागलं नाही. आठवड्यातून तीन सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्या, पाठीवर तांदळाची पिशवी, आधी चार किलो आणि मग नऊ. जूनमध्ये अंजनेरी, जुलैत ब्रह्मगिरी. मी मुद्दाम उतरण्याचा सराव जास्त केला, कारण शेवटच्या दिवशी गंगाबलहून नारानागला जवळजवळ १,३०० मीटर उतार आहे आणि माझा उजवा गुडघा कुरकुरतो.

मग स्वयंपाकघर. डिंकाचे लाडू, गुळपापडी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. पुऱ्या तीन दिवस टिकतील असं धरलं होतं, त्या पाच दिवस टिकल्या. उंचीवर भूक मरते, आणि तेव्हा तोंडाला चव आणणारं ओळखीचं काहीतरी हवं असतं. चाचांना कळवून प्रेशर कुकर मागवून घेतला. विशनसरच्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची नाही. आम्ही मूगडाळ नेली होती.

निघायच्या आदल्या आठवड्यात चौघांनी बसून एक गोष्ट ठरवली. डोकं दुखतंय आणि सोबत उलटी किंवा तोल जाणं असेल, तर तो माणूस खाली उतरणार आणि त्याच्याबरोबर एक जण जाणार. त्यावर चर्चा नाही, 'थोडं बघू' नाही. कोण कुणाबरोबर उतरणार हेही लिहिलं. प्रत्यक्ष वेळ आली की जिवाभावाचं माणूस 'मी ठीक आहे' म्हणतं आणि आपण ऐकतो, म्हणून हे घरी बसूनच करायचं.

सोनमर्गच्या जास्तीच्या दिवशी थाजीवास हिमनदीच्या बाजूला चढून गेलो आणि झोपायला खाली आलो. दिराला तो दिवस लांबलचक वाटला. दुसऱ्या दिवशी निचनाईला, भूर्जाच्या झाडांतून वर येऊन तंबू लागले, आणि संध्याकाळी पाचला त्याचंच डोकं दुखायला लागलं. तंबूच्या दाराशी गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. चहा नको, लाडू नको. ऑक्सिमीटर लावला, पण मी त्या आकड्यापेक्षा त्याच्याकडे बघत होते. उलटी नव्हती. सरळ रेषेत टाच-चवडा चालायला लावलं, नीट चालला. मग दर तासाला पाणी, आणि रात्री नऊला थोडा मेतकूट-भात. ठरवलेला कागद माझ्या खिशात होता आणि तो त्यालाही माहीत होता. रात्री दोनदा मी त्याला हाक मारून उठवलं. सकाळी डोकं उतरलं. "परवाचा दिवस सोनमर्गला काढला नसता तर आज मी खाली निघालो असतो," असं तो आपणहून म्हणाला.

निचनाईची खिंड आम्ही सावकाश ओलांडली आणि दुपारी विशनसर दिसलं. कुरणाच्या टोकाला निळं-हिरवं पाणी, मागे उभे कडे. त्याच्या वरच्या अंगाला किशनसर. विष्णूचं सर आणि कृष्णाचं सर. किशनसरचं पाणी विशनसरला येतं आणि तिथून किशनगंगा वाहायला लागते, हे मी नकाशात पाहिलं होतं. पण तो ओहोळ पायाखालून जाताना वाकून हात लावला, तेव्हा अंगावर काटा आला. शौचाला जाताना पाण्यापासून निदान ६० मीटर लांब जायचं आणि खड्डा करायचा हा आमचा नियम होता. हे पाणी खाली बकरवाल मेंढपाळांच्या डेऱ्यांवर प्यायलं जातं.

दुसऱ्या दिवशी गडसर. पहाटे साडेपाचला मी बाहेर आले तर चाचा घोड्यांवर सामान चढवत होते. पाऊस नव्हता, वाराही नव्हता. किशनसरच्या वरच्या बाजूला जिथे खिंडीची नागमोडी वाट दिसायला हवी होती तिथे ढग बसला होता, आणि त्याची खालची कड हळूहळू तळ्याकडे सरकत होती. चाचांनी एकदा वर पाहिलं. काही बोलले नाहीत. बांधलेली दोरी सोडली, पहिल्या घोड्याची पाठ मोकळी केली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग आमच्याकडे वळून एवढंच म्हणाले, "आज नहीं।"

सातला पाऊस सुरू झाला तो दुपारी तीनपर्यंत. आमच्याआधी निघालेला एक गट चिखलाने भरून अकराच्या सुमाराला परत आला. त्यांच्याकडे दिवस मोजके होते, त्यातला एक मुलगा थरथरत होता. आम्ही कोरडे मोजे आणि गरम पाणी दिलं, स्वयंपाक्याने त्यांच्यासाठी डाळ वाढवली. दीर दिवसभर त्यांच्या तंबूंचे खुंटे ठोकत होता.

तिसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं. वाट अरुंद आणि उभी, पण कोरडी होत आलेली. निम्म्या चढावर थांबून मागे वळलो तर दोन्ही तळी एकदम दिसली, एक वर, एक खाली. मैत्रीण तिथे बसली आणि काही न बोलता रडली. माथ्यावर दहाच मिनिटं थांबलो, आणि पलीकडे फुलांतून लांबच लांब उतार. गडसर म्हणजे माशांचं तळं, असं चाचांनी सांगितलं. त्याच्या काठावर ऑगस्टमध्येही बर्फाचा एक पट्टा होता.

सातसरची तळी, झाजची खिंड, तिथली मोठमोठ्या दगडांवरून जाणारी वाट, हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. गंगाबलला हरमुखचं ५,१४२ मीटरचं शिखर पाण्यावर ओणवं झाल्यासारखं दिसतं. काश्मिरी पंडित आपल्या माणसांच्या अस्थी इथे आणत आले आहेत. आम्ही काठावर चपला काढून बसलो. मैत्रिणीच्या बहिणीने वडिलांसाठी हात जोडले.

नारानागचा उतार सहा तासांचा झाला. काठ्या नसत्या तर माझा गुडघा टिकला नसता. खाली देवदारांच्या जंगलातून बाहेर पडलं की आठव्या शतकातल्या, ललितादित्याच्या काळातल्या देवळांचे दगडी अवशेष आणि त्यांच्या शेजारी झऱ्याचं कुंड लागतं. कुंडाच्या कठड्याशी चाचांबरोबर हिशेब केला. उरलेला शिधा काढून ठेवला: दीड किलो तांदूळ, थोडी मूगडाळ, मेतकुटाची न फोडलेली पुडी. चाचांनी पुडी नाकाशी धरली आणि हे कसं खायचं, असं विचारलं. मैत्रिणीने तळहातावर दुसऱ्या हाताच्या बोटांनी कालवून दाखवलं: गरम मऊ भात, वर तूप, आणि हे एवढंसं. त्यांनी मान हलवली, पुडी फेरनच्या आतल्या खिशात ठेवली आणि घोड्यांना पाणी पाजायला निघून गेले.