कट कुठे मारायचा

सोमवार, रात्री उशिरा

आज एडिटवर भांडण झालं नाही, पण व्हायला हवं होतं. मालिकेतला पहिल्या रात्रीचा सीन लावत होते. सरांचं म्हणणं, दिवा विझला की कट, आणि थेट सकाळ. रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या चित्रीकरणात, दिवा विझायच्या जरा आधी नवरीचा एक क्लोज-अप आहे. घाबरलेली नाही, लाजलेलीही नाही. नुसती त्याच्याकडे बघतेय, बाजारात एखादी वस्तू हातात घेऊन बघावी तशी. मला तो ठेवायचा होता. सर म्हणाले, "अगं, ती अशी बघते म्हणजे तिला सगळं माहितीये असं वाटतं. काढ तो." काढला. टाइमलाइनवर रिकामी झालेली जागा लगेच बुजवली गेली. एवढं सोपं असतं ते.

घरी येऊन झोप येईना, म्हणून कँडिडा रॉयालचं चरित्र उघडलं. जेन कॅमेन्स्की या इतिहासकार बाईंनी लिहिलेलं, २०२४ साली आलेलं. पंधरा दिवस पुरवून पुरवून वाचतेय. कँडिडा रॉयाल म्हणजे अमेरिकेतली पॉर्न नटी आणि नंतरची पॉर्न दिग्दर्शिका. हे वाक्य स्वतःच्या वहीत लिहितानाही हात जरा अडखळला. आपल्या बोलण्यात या धंद्याला सरळ शब्दच नाही. ‘तसले पिक्चर’. तसले म्हणजे कसले, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं आणि बोलणाऱ्याने नामानिराळं राहायचं. आज ऑफिसात कुणीतरी विचारलं काय वाचतेयस, तर मी "एका अमेरिकन दिग्दर्शिकेचं चरित्र" म्हणून मोकळी झाले. खोटं काही बोलले नाही. पण तो दिव्याचा कट आणि माझं हे उत्तर, दोन्ही एकाच जातीचे.

बुधवार

सुट्टी. दुपारभर लोळून वाचलं.

खरं नाव कँडिस वडाला. जन्म १९५० चा, न्यूयॉर्कचा. बाप जॅझमध्ये ड्रम वाजवायचा. ही अगदी लहान असताना आई घर सोडून गेली, ती गेलीच. पुढे सावत्र आईने वाढवलं. पोरगी चित्रकला शिकली, नाच-गाणं शिकली, कॉलेजात स्त्रीमुक्तीच्या चळवळीत होती, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सान फ्रान्सिस्कोला गेली. तिथे गायची, प्रायोगिक नाटकवाल्यांत वावरायची. त्यात पोट कुणाचं भरतंय! चित्रांसाठी विवस्त्र बसायचं काम मिळतंय का बघायला गेली, तर समोरच्याने पिक्चरचं विचारलं. ही भडकली. मग तिच्या मित्रानेच एका पिक्चरात काम घेतलं आणि ती सेट बघायला गेली. तिथे रीतसर लाइट होते, कॅमेरा होता, लिहिलेली पटकथा होती. तिला वाटलं होतं तसं गलिच्छ काही दिसलं नाही.

१९७५ ते १९८०. पाचेक वर्षांत पंचविसेक पिक्चर. तेव्हा हे सगळं फिल्मवर, गोष्टीसकट शूट व्हायचं आणि थिएटरात लागायचं. कायद्याचं मात्र काही खरं नव्हतं. नटनट्यांना पैसे देऊन असं चित्रीकरण करणं म्हणजे वेश्याव्यवसायाला माणसं पुरवणं, असा गुन्हा कॅलिफोर्नियात लावता येत होता. १९८३ च्या एका शूटवरून हॅरॉल्ड फ्रीमन नावाच्या निर्मात्यावर तो लागलाही. त्याला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सोडलं. म्हणजे कँडिडाची नटी म्हणून सगळी कारकीर्द या निकालाच्या आधीची.

आणि पैसे रोजंदारीचे. शूटिंगच्या दिवसाचे घ्यायचे आणि निघायचं. तोच पिक्चर पुढे व्हिडिओ कॅसेटवर येणार, पुन्हा पुन्हा विकला जाणार, तिचा चेहरा खोक्यावर छापला जाणार, त्यात नटीचा छदाम नाही. ती निवृत्त होते, लग्न करते, वर्षं उलटतात, आणि तिकडे कुणाच्या तरी टीव्हीवर ती पंचवीस वर्षांचीच असते. बाकीच्या नट्यांना जुन्या भूमिका अभिमानाने दाखवता येतात. हिची जुनी भूमिका हिच्या आधी प्रत्येक खोलीत जाऊन बसलेली.

म्हणूनच १९८३ चा प्रसंग वाचताना पुस्तक खाली ठेवलं. व्हेरोनिका हार्ट या नटीचं डोहाळजेवण म्हणू या, त्या निमित्ताने काही जणी जमल्या. कँडिडा, अ‍ॅनी स्प्रिंकल, ग्लोरिया लिओनार्ड, व्हेरोनिका व्हेरा. सगळ्या याच धंद्यातल्या. मग भेटतच राहिल्या. अ‍ॅनीचं घर न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर ९० नंबरला, म्हणून गटाचं नाव ‘क्लब ९०’. बायका जमून काय करतात? मुलं, नवरे, पैसे, तब्येती. मला या जागेचं फार अप्रूप वाटलं, कारण तिथे कुणालाही ‘तसले’ हा शब्द वापरायची गरज नव्हती. पुढच्याच वर्षी त्यांनी तीच बैठक न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस या प्रयोगशील जागेत रंगमंचावर मांडली. दिवाणखाना आणि गप्पा.

त्याच १९८४ साली कँडिडाने स्वतःची कंपनी काढली, ‘फेम प्रॉडक्शन्स’. (कीर्तीवालं फेम नव्हे, फ्रेंचमध्ये बाईला म्हणतात ते.) वर्षही बरोबर हेरलं. न्यूयॉर्कमध्ये असले पिक्चर जिथे लागत त्या टाइम्स स्क्वेअरच्या अंधाऱ्या थिएटरात एकटी बाई पाऊल टाकणार नव्हती, पण घरोघरी व्हीसीआर येत होते. कॅसेट भाड्याने आणायची, दार लावायचं. प्रेक्षक बदलला होता. बायका असलं बघत नाहीत हे धंद्यातलं वेदवाक्य होतं, आणि बायकांनी बघावं असं कुणी काही काढतच नव्हतं.

आता माझ्या कामाचं. पुरुषांनी काढलेल्या त्या पिक्चरांत शेवट ठरलेला असायचा. पुरुषाचं झालं की सीन संपला, त्याचा पुरावा कॅमेऱ्यात आला पाहिजे, बस. कँडिडाने तो शॉटच काढून टाकला. कॅमेरा चेहऱ्यांवर आणला, आधीचं छेडणं-बोलणं वाढवलं, आणि झाल्यावरही सीन चालू ठेवला. दोघं पडून आहेत, कुणी हसतंय. हे वाचून मी उठून बसले. हा एडिटरचा निर्णय आहे! सीन कुणाचा, हे सीन कुठे संपतो त्यावर ठरतं. तिने धंद्याचा कट पुढे ढकलला. दिवा विझला की कट मारणारे आमचे सर आणि पुरुषाचं झालं की कट मारणारे ते लोक तशी दोन टोकं, पण कात्री दोघांची तिच्याच चेहऱ्याच्या अलीकडे चालते.

सेटवरही तिचे नियम होते. एड्सची भीती पसरली तेव्हा बाकी धंदा हात झटकत होता. हिने कंडोम सक्तीचा केला, किंवा मग खऱ्या आयुष्यातली जोडपीच घेतली. आपण स्वतः त्या गादीवर पडून लाइटची वाट बघितली असली की दिग्दर्शकाच्या खुर्चीवरून वेगळं दिसत असणार.

तिचं काम सगळंच थोर आहे असं मला वाटत नाही. जे तुकडे पाहिले त्यातले काही जाहिरातीसारखे गुळगुळीत आहेत. पण तिच्यावर दोन्हीकडून जो मार पडला तो गुळगुळीतपणाबद्दल नव्हता. धंद्यातल्या पुरुषांना ते मिळमिळीत वाटे. आणि ज्या चळवळीत ती कॉलेजात होती, त्याच चळवळीतल्या काही बायकांनी १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये पॉर्नविरोधी संघटना उभी केली होती. त्या टाइम्स स्क्वेअरमधल्या दुकानांतून लोकांना फिरवून दाखवत, बघा हे काय चालतं. त्यांच्या लेखी ही फितूर. त्या बायकाही चुकत नव्हत्या, तिथे बघण्यासारखं भयंकर पुष्कळ होतं. कँडिडाचं म्हणणं एवढंच, की बंदी घालण्यापेक्षा दुसरं काही काढून दाखवू. मी कुणाच्या बाजूची? आज दुपारी तिच्या. टाइम्स स्क्वेअरमधून चालत गेले असते तर कदाचित संध्याकाळी त्यांच्या.

शुक्रवार

संपलं पुस्तक. २०१५ साली अंडाशयाच्या कर्करोगाने गेली. आजारी असताना तिने आईला शोधायला गुप्तहेर लावला. आई आधीच वारलेली निघाली.

एक लिहायचं राहिलं. ती शाळकरी वयापासून रोजनिशी लिहीत होती. नटी असताना, दिग्दर्शक असताना, आजारपणात. त्या वह्या, पत्रं, कागद आता हार्वर्डच्या श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत, अमेरिकन स्त्रियांच्या इतिहासाच्या कपाटांत. चरित्र उभं आहे ते त्यावर. कामाचा अभिमान आणि कामाची लाज, दोन्ही तिथे शेजारी शेजारी. तिने वह्या जपून ठेवल्या, जाळल्या नाहीत. मी मागे एका दिवसाची तीन पानं फाडली होती, कुणी वाचेल म्हणून. काय लिहिलं होतं ते आता आठवतही नाही.

आज एपिसोड फायनल होता. सर मिक्सिंगला गेले होते. मी बिनमधून, म्हणजे न वापरलेले शॉट पडून असतात तिथून, तो क्लोज-अप परत काढला आणि दिव्याच्या अलीकडे लावला. पूर्ण नाही, दोन सेकंद. सकाळच्या शॉटमधली चहाची वाफ तेवढी कमी केली. लांबी तीच राहिली, म्हणजे आकड्यांवरून कुणाला कळणार नाही. सोमवारी चॅनलचा माणूस बघणार आहे.