मखरापासून गॅरेजपर्यंत : आमची वाटचाल

लालबागमधील आमचा कारखाना म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची दहा बाय बाराची खोली. २०१८ सालापर्यंत तेथे गणपतीपूर्वीचे चार महिने थर्माकोलची मखरे कोरली जात आणि उरलेल्या महिन्यांत दुकानांच्या पाट्या रंगवून भाडे निघत असे. त्या वर्षी २३ मार्चला राज्य शासनाने प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना काढली आणि आम्ही दोघे भाऊ पुठ्ठ्याकडे वळलो. पुठ्ठ्याची मखरे बरी खपली, पण त्यांचे कातरण इतके उरू लागले की धाकट्याने त्यातून गंमत म्हणून एका मोटार गॅरेजाची छोटी प्रतिकृती उभी केली. आज आमचे घर मखरांपेक्षा अशा गॅरेजांवर अधिक चालते.

आम्ही १:२४ हे प्रमाण धरले, कारण त्यात एक फूट म्हणजे बरोबर अर्धा इंच होतो आणि गॅरेजवाले अजूनही फुटांतच बोलतात. पंधरा बाय वीस फुटांची शेड साडेसात बाय दहा इंचांत बसते आणि साधारण चार मीटर लांबीची पद्मिनी मोटार साडेसोळा सेंटिमीटरांच्या आसपास येते. भंगार फुकट मिळते हे खरे, परंतु मापात बसणारे भंगार शोधावे लागते, आणि हे आम्हाला छताच्या पत्र्याने शिकवले. खऱ्या पत्र्याच्या दोन लाटांमध्ये सुमारे तीन इंचांचे, म्हणजे आमच्या प्रमाणात तीन मिलिमीटरांच्या थोडे वर, अंतर असते. किराण्याच्या खोक्याची लाट याच्या जवळपास दुप्पट असल्याने पहिले छप्पर कौलारू वाटू लागले. शेवटी लहान वस्तूंच्या पातळ खोक्यांतला बारीक नालीचा पुठ्ठा कामी आला. तेव्हापासून आमचा रद्दीवाला अशी खोकी वेगळी काढून ठेवतो. बाकीच्या वस्तू तुलनेने सोप्या आहेत : रिफिलच्या नळ्यांचे पाइप, सायकलच्या ट्यूबचे टायर, गोळ्यांच्या पाकिटावरच्या चंदेरी वर्खाच्या नंबरप्लेट आणि घड्याळजीकडच्या निकामी चक्रांचे उघडे पडलेले गिअर.

गंजासाठी मात्र आम्ही रंगावर विसंबत नाही. शेजारच्या वर्कशॉपमध्ये कानस मारताना पडणारा लोखंडाचा भुगा फेव्हिकॉलवर भुरभुरवून त्यावर व्हिनेगर शिंपडले की एक-दोन दिवसांत खराच गंज धरतो. पोपडे सुटलेला रंग हवा असेल तर आधी तपकिरी थर देऊन, तो ओलसर करून त्यावर मीठ टाकतो, वरून हवा तो रंग फवारतो आणि वाळल्यावर मीठ घासून काढतो. मिठाचा एक कणही मागे राहता कामा नये, कारण मुंबईच्या हवेत तो ओल ओढून घेतो.

ओलीचा धडा आम्ही महागात शिकलो. एका जुलैमध्ये जमिनीवरची माती म्हणून चहाचा चोथा वापरला, तो वरवर वाळला असे समजून गॅरेज ठेवायची ॲक्रिलिकची पेटी बंद केली आणि पंधरवड्यात गिऱ्हाइकाकडच्या गॅरेजात पांढरी बुरशी उगवली. पैसे परत केले, तळ नव्याने करून दिला.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी काळीपिवळी पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींमधून बाद झाली आणि जुन्या गॅरेजांच्या मागण्या वाढल्या. एका निवृत्त मिस्त्रींनी आमचे काम बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “बाळांनो, तेल काय पावसासारखं सांडतं का? एक डाग इंजिनाखाली पाडा, एक मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलखाली. मधे कोरडं ठेवा.” आम्ही घरी येऊन जमीन खरवडली. त्यानंतर स्विचबोर्डाभोवतीचे काळे बोटांचे ठसे, पिंपाच्या बुडाशी साचलेली धूळ, मिस्त्री जिथे टेकून बसतो त्या भिंतीवरचा तेलकट पट्टा, यांपैकी प्रत्येक गोष्ट कोणाच्या हाताने किंवा पाठीने झाली हे ठरवल्याशिवाय आम्ही ब्रश उचलत नाही. वॉर्निशची चकाकी फक्त ताज्या तेलाला देतो. बाकी सारे मॅट, कारण इतक्या लहान आकारात चकाकी आली की खेळणे दिसते.

एका गॅरेजाला दीड ते दोन महिने लागतात. जून ते सप्टेंबर आम्ही एकही पेटी बंद करत नाही; त्या दिवसांत मखरे, सांगाडे आणि भंगाराची निवड चालते. पावसाळ्यात ऑर्डर देणाऱ्यांना दिवाळीपर्यंत थांबावे लागते, हे आम्ही आगाऊ रक्कम घेण्यापूर्वीच सांगतो.