924 अपडेट: गरम इंजिन आता पहिल्या सेल्फला उठतं

तर मंडळी, गेल्या वेळी जिथे थांबलो होतो तिथूनच सुरू करतो. माझी 82ची पोर्शे 924 थंड असताना अर्ध्या सेल्फला सुरू व्हायची, पण अर्धा तास फिरवून पेट्रोल भरायला थांबलं की संपलं, मग पाच-सात मिनिटं नुसता सेल्फ मारत बसायचं आणि मागे रांग वाढत जायची. ऑक्टोबरअखेर सीझन नंबरप्लेटची (वर्षातले ठरावीक महिनेच गाडी रस्त्यावर आणू देणारी प्लेट) मुदत संपली आणि गाडी इथे जर्मनीत हाइलब्रॉनच्या भाड्याच्या गॅरेजात लावली, तेव्हाच ठरवलं की या हिवाळ्यात हे दुखणं मुळापासून काढायचं.

आधीच्या मालकाने कुठल्याशा वर्कशॉपमधून चारही इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे नोझल) बदलून घेतले होते, बिल फाइलमध्ये आहे, उपयोग शून्य. म्हणून मी आधी पेट्रोलचं प्रेशर मोजायचा गेज विकत घेतला. के-जेट्रॉनिकला, म्हणजे या गाडीच्या पेट्रोल इंजेक्शन सिस्टीमला, हात लावायचा असेल तर आधी प्रेशर मोजा, अंदाजाने पार्ट बदलू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. ही बॉशची पूर्ण मेकॅनिकल सिस्टीम आहे, इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटरच नाही. इंजिन हवा ओढतं, ती हवा एक गोल प्लेट सरकवते, प्लेटची दांडी फ्युएल डिस्ट्रिब्युटरमधला (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारा भाग) बारीक प्लंजर, म्हणजे दट्ट्या, ढकलते आणि जेवढी हवा तेवढं पेट्रोल, इंजेक्टर सतत फवारत राहतात. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी एअर फिल्टर काढून ती प्लेट नुसती बोटाने हलवून बघत बसलो होतो, इतकी साधी आणि सुंदर गोष्ट आहे.

इंजिन चालू असताना काटा 5 बारच्या जवळ, म्हणजे पंप ठणठणीत. बंद केलं. काटा अडीचला आला, तिथे तो चांगला वीसेक मिनिटं टिकायला हवा, पण दोन मिनिटांत शून्य. प्रेशर गेलं की गरम इंजिनच्या धगीने लाइनमधल्या पेट्रोलची वाफ होते आणि मग किती सेल्फ मारा. बंद गाडीत प्रेशर धरून ठेवायचं काम मागे पंपाजवळच्या ॲक्युम्युलेटरचं, डब्यासारखा पार्ट, आत स्प्रिंग आणि डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदा. त्याच्या मागच्या बाजूची बारीक नळी काढली तर टपटप पेट्रोल! त्या बाजूला पेट्रोल यायलाच नको, म्हणजे डायफ्रॅम फाटलेला. नवीन ॲक्युम्युलेटर टाकला, पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं मागे जाऊ न देणारी झडप) आणि तांब्याचे वॉशरही बदलले, मागचे होज चाळीस वर्षांचे होऊन बिस्किटासारखे झाले होते तेही नवे. बॅटरी काढून, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून, बाहेर दोन डिग्री, पण पेट्रोलचं काम आहे, दार बंद करून करायचं नाही.

गाडी मागून उचललेलीच होती म्हणून शेजारच्या आजोबांना बोलावून खालून दाखवली. ते नेकार्सउल्मच्या कारखान्यातून रिटायर झालेत, आणि ही गाडी तिथेच बनली, माझ्या गॅरेजपासून जेमतेम 6-7 किलोमीटरवर. पोर्शे म्हटलं की सगळ्यांना श्टुटगार्टचं त्सुफेनहाउझन, म्हणजे पोर्शेचा मुख्य कारखाना, आठवतं, पण 924 तिथली नाहीच. मुळात फोक्सवॅगनने पोर्शेला ही गाडी डिझाइन करायला दिली होती, ईए 425 नावाने. मग 1973चं तेलसंकट आलं, फोक्सवॅगन तोट्यात गेली, त्यांची स्वतःची स्वस्तातली शिरोको गाडी हाताशी होती, आणि प्रोजेक्ट गुंडाळलं. पोर्शेने ते डिझाइन परत विकत घेतलं आणि गाडी नेकार्सउल्मच्या एनएसयू या जुन्या मोटार कंपनीच्या कारखान्यात बनवून घ्यायचं ठरलं.

तो कारखानाच तेव्हा बंद पडायच्या बेतात होता. एप्रिल 1975 मध्ये हजारो कामगार नेकार्सउल्महून हाइलब्रॉनपर्यंत मोर्चाने चालत आले, आजोबा त्यात होते, तेव्हा विशीतले. कारखाना वाचला त्यात 924च्या कामाचा मोठा हात आहे हे ते आजही छाती काढून सांगतात. म्हणून 'ही खरी पोर्शे नव्हे' असं कुणी म्हटलं की मला मनापासून वाईट वाटतं. हो, 1984 सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक ऑडी 100 आणि फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनच्या खानदानातला आहे, दाराचे हँडल गोल्फचे आहेत, मागे ड्रम ब्रेक आहेत. पण 125 हॉर्सपॉवरमध्ये 200 किलोमीटरचा वेग मिळतो, आणि वळणावर गाडी जशी बसते ना, ते उसन्या पार्टमधून आपोआप येत नाही.

ते येतं मांडणीतून. इंजिन पुढे, 40 डिग्री कलतं ठेवलेलं म्हणून बॉनेट इतकं खाली, आणि गिअरबॉक्स थेट मागच्या ॲक्सलला. क्लच पुढेच इंजिनापाशी, आणि मधे एक कडक ट्यूब, तिच्या आत बेअरिंगांवर फिरणारा लांब बारीक शाफ्ट. वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मंनिम्मं. आजोबांनी टॉर्चच्या उजेडात त्या ट्यूबवरून हात फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. हीच मांडणी पुढे पोर्शेच्याच 944 आणि 968 ने चालवली. 924 एकूण दीड लाखाच्या आसपास बनल्या, 1988 पर्यंत.

बाकीची कामं पटकन. क्लीनरच्या बाजूच्या, म्हणजे इथे उजव्या, पायाखालच्या कार्पेटमध्ये पाणी साठत होतं. बॅटरीखालचा ट्रे ॲसिडने खाल्लेला, पत्र्याला झिंक असूनही आरपार भोक, आणि शेजारचं पाण्याचं भोक कुजलेल्या पानांनी गच्च. गंज कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला, सीलर, रंग, आणि बॅटरीखाली प्लॅस्टिकचा ट्रे. तुमच्याकडे 924 किंवा 944 असेल तर आज जाऊन बॅटरी उचलून बघाच. वर येणाऱ्या हेडलाइटना ग्रीस दिलं, दोन्हींना मिळून एकच मोटर आहे, कधी अडकली तर बॉनेट उघडून मोटरवरची घुंडी हाताने फिरवून दिवे वर काढता येतात.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी आजोबांना शेजारी बसवून नेकार नदीच्या काठाने लाउफनपर्यंत जाऊन आलो, येताना त्याच पेट्रोल पंपावर थांबलो. टाकी भरली, पैसे देऊन आलो, मुद्दाम अजून दहा मिनिटं थांबलो. किल्ली फिरवली आणि पहिल्याच सेल्फला सुरू! मी स्टिअरिंगवर हात आपटून मराठीतच ओरडलो, आजोबा हसत होते.

आता पुढचं काम मागच्या काचेचं, काच आणि फ्रेम वरच्या कोपऱ्यात सुटायला लागलीयेत, डिकी जोरात आपटली की वाढतं. काच काढून साफ करून पुन्हा चिकटवायची आहे, त्यासाठी उन्हाळ्यातले दोन कोरडे दिवस लागतील. फोटो तेव्हाच टाकतो.