भरीत, लसूण आणि आजी

आज अमळनेरला घरी भरताचा बेत. लसूण ठेचून लगेच कढईत टाकणार, तेवढ्यात आजी ओरडली, "थांब वं माय! ठेचीसन जराखा राहू दे, मंग तेलमा टाक." बारावीला बायो शिकवते मी, तरी हात तेलाकडेच!

अख्ख्या पाकळीला वास जेमतेम. ॲलीन हे बिनवासाचं रसायन पेशीत एकीकडे, ॲलिनेज हे लायेज एन्झाइम (रेणूतले बंध तोडणारं प्रथिन) दुसऱ्या कप्प्यात. ठेचलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात, ॲलिसिन तयार होतं. तोच तो झणका. थेट उकळत्या तेलात टाकला तर एन्झाइमच निकामी, लसूण मिळमिळीत. कांदा रडवतो त्याचीही सुरुवात ॲलिनेजच करतं, पुढचं काम दुसरं एन्झाइम.

पोरांकडून 'पाण्याशिवाय बंध तोडणारं ते लायेज' एवढंच घोकून घेते मी. भरीत संपलं, बोटांचा वास काही जात नाहीये.