बादलीत तोंड घालून

दुपारचे अडीच. भांडीवाली गेलेली, ओटा पुसून झालेला, आणि आता जरा पाठ टेकावी म्हणून चटई अंथरते तोच बाथरूममधून किंकाळी. पहिल्या आठवड्यात मी धावत जायचे. पडली असेल, दारात बोट चेमटलं असेल, पाल दिसली असेल. जाऊन बघावं तर नात शांतपणे उभी. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. वर माझ्याकडे असं बघणार, की आजी, तू का धापा टाकतेस?

रडण्यासाठी आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. भोकाड, टाहो, हंबरडा, हुंदका, मुसमुस, पिरपिर. पण दुखत नाही, खुपत नाही, भूक नाही, तरी निव्वळ हौसेनं मारलेल्या किंकाळीला काय म्हणायचं? माझी आई "काय कोकलतेय कार्टी" म्हणून मोकळी झाली असती.

डॉक्टर म्हणाले, "दीड वर्षाची आहे ना? फेज आहे, जाईल." आमच्याकडे फेज जाते तेव्हा फ्रिज बंद पडतो आणि वायरमनला बोलवावं लागतं, एवढंच मला ठाऊक. विहीणबाईंनी फोनवर निदान केलं, "गुटीत वेखंड जास्त उगाळलं गेलं असेल हो." गुटी मी उगाळत होते, हे त्यांना पक्कं माहीत आहे. मग मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या खकाण्यानं आम्ही तिघं खोकून बेजार, आणि हिला तो खोकला इतका आवडला, की आणखी दोन किंकाळ्या.

जावईबापू हिशेबी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे म्हणे. त्यांनी मोबाइल धरून मोजलं, काटा 96 वर. लेकीनं त्यावर शास्त्र काढलं. 2015 साली संशोधकांनी किंकाळी तपासली, साध्या बोलण्यात आवाज सेकंदाला चार-पाच वेळा चढतो-उतरतो, किंकाळीत तोच 30 ते 150 वेळा थरथरतो, म्हणून ऐकणाऱ्याच्या मेंदूतलं भीतीचं ठिकाण खडबडून जागं होतं. धोक्याचे भोंगेसुद्धा असेच वाजतात. बरं झालं कळलं. पण भोंग्याला बंद करायचं बटण असतं.

खालच्या मजल्यावरच्या बाई मात्र शास्त्रात शिरत नाहीत. त्या फोन करतात. "बाळाला बरंय ना?" एवढंच. यातला 'ना' फार लांब असतो.

तर त्या दुपारी मी धावले नाही. दारातून नुसती डोकावले. नात रिकाम्या बादलीच्या कडा धरून उभी, डोकं थेट बादलीत. किंकाळी मारली. मग गप्प. मान जराशी तिरकी. ऐकत होती! पुन्हा किंकाळी, पुन्हा मान तिरकी. तेव्हा लक्षात आलं, की ही बाई हॉलमध्ये, सोफ्यावर, पडद्यांपाशी कधी ओरडत नाही. हिच्या जागा ठरलेल्या. बाथरूम, जिना, लिफ्टसमोरचा पॅसेज आणि घरातलं मोठं पातेलं.

आजोळी परसात विहीर होती. दगडी बांधणीची, आत नेचे उगवलेले, पाण्यावर कायम एखादं फणसाचं पान. दुपारी सगळे आडवे झाले की आम्ही भावंडं काठावर पालथी पडून आत "ओऽऽ" करायचो. पोटाला दगड गार लागायचा. खालून "ओऽऽ" यायचं, पण आपलं नव्हे, कुणातरी मोठ्या माणसाचं. आजीला कळलं की ती माजघरातून ओरडायची, "विहिरीला हाक मारू नये गं, ती ओ देते!" ओ देते म्हणूनच तर मारायची. धाकटा मामेभाऊ एकदा स्वतःचं नाव ओरडला आणि उत्तर आल्यावर रडत घरात पळाला. तो आता बँकेतून रिटायर झालाय. अजून हळू बोलतो. विहिरीवर जाळी बसून कितीतरी वर्षं झाली. पंप लागला, कठड्याशी कुणी जात नाही.

गुडघ्यांची परवानगी न घेता मी बाथरूमच्या ओल्या फरशीवर बसले. बादली ओढून घेतली, तोंड आत घातलं, आणि म्हटलं, "ओऽऽ." शेवटी घसा खरखरला आणि खोकलाच आला. पण त्याच्या आधी, क्षणभर, बादलीनं ओ दिली. जाड, घोगरी. आईची असते ना तशी.

नात आधी दचकली. मग बादलीत वाकून तळाशी खूप वेळ बघत राहिली, आत कोण आहे ते. मग माझ्याकडे वळली आणि आठवडाभर मी तिच्यापुढे धरलं होतं तसंच स्वतःचं बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "शूऽऽ."

बाहेर फोन वाजत होता. खालच्या बाईंचाच असणार. वाजू दिला.